पुरावा कोणी द्यायचा? विंडरश पिढीची याचिका आणि ब्रिटिश संसद

पॉलेट विल्सन यांनी एके काळी ब्रिटिश संसदेच्या उपाहारगृहात स्वयंपाक केला होता. दहा वर्षांच्या असताना त्या जमैकाहून इंग्लंडमध्ये आल्या, तिथेच शिकल्या, तिथेच त्यांचा संसार झाला आणि 34 वर्षे त्यांच्या पगारातून राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली गेली. त्यानंतर एक दिवस गृहखात्याचे पत्र आले आणि त्यात त्यांचे या देशातील वास्तव्य बेकायदेशीर असल्याचे लिहिले होते. सरकारी भत्ता बंद झाला आणि ठरावीक दिवशी हजेरी लावणे भाग पडले. ऑक्टोबर 2017 मध्ये अशाच एका हजेरीच्या वेळी त्यांना ताब्यात घेऊन यार्ल्स वूड येथील स्थानबद्धता केंद्रात ठेवण्यात आले. पन्नास वर्षांत ज्या जमैकात त्या एकदाही परतल्या नव्हत्या, तिथे त्यांची रवानगी होणार होती. त्यांच्या खासदार आणि वुल्व्हरहॅम्प्टनमधील निर्वासितांना मदत करणारे केंद्र यांनी धावपळ केल्यामुळे ती रवानगी थांबली. त्या वेळी त्यांचे वय 61 होते.

‘द गार्डियन’च्या पत्रकार अमेलिया जेंटलमन यांनी नोव्हेंबर 2017 पासून अशी एकेक हकीकत प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि काही महिन्यांतच त्यामागची रीत दिसू लागली. जेमतेम शाळकरी वयात आलेली, आता साठीच्या आसपास पोहोचलेली माणसे नोकरी, घर, औषधोपचार आणि शेवटी देशही गमावत होती. लंडनमधील एका कर्करुग्णाला किरणोपचारांसाठी 54,000 पौंड भरा, नाहीतर उपचार मिळणार नाहीत, असे सांगण्यात आले. त्यानेही आयुष्यभर कर भरला होता. या पार्श्वभूमीवर 2018 च्या वसंतात सामाजिक इतिहासाचे अभ्यासक आणि हॅकनी येथील माजी नगरसेवक पॅट्रिक व्हर्नन यांनी या लोकांसाठी, म्हणजे महायुद्धानंतर ब्रिटिश वसाहतींतून आलेल्या ‘विंडरश’ पिढीसाठी, ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर एक याचिका नोंदवली. पुढील विवेचन त्या याचिकेचे आहे. तिने काय मागितले, काय मिळवले आणि मिळालेले कुठे निसटले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण कायदेमंडळापुढे नागरिकांनी केलेल्या अर्जाचे बळ आणि त्याची मर्यादा या एकाच प्रकरणात शेजारी शेजारी दिसतात.

येथे याचिका म्हणजे न्यायालयातील याचिका नव्हे. आपल्या विधिमंडळात विनंती अर्ज समिती असते, तशी ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहातही याचिका समिती आहे आणि 2015 पासून तिच्या देखरेखीखाली ऑनलाइन याचिकांची सध्याची व्यवस्था चालते. याचिकेला सुरुवातीला पाच समर्थक लागतात. ब्रिटिश नागरिक किंवा ब्रिटनमध्ये राहणारी कोणतीही व्यक्ती सही करू शकते. 10,000 सह्या झाल्या की सरकारला लेखी उत्तर द्यावे लागते आणि 1,00,000 सह्या झाल्या की समिती ती चर्चेसाठी विचारात घेते. ही चर्चा बहुतेक वेळा मुख्य सभागृहात न होता वेस्टमिन्स्टर हॉल नावाच्या शेजारच्या दालनात होते आणि तिच्या शेवटी सरकारला बांधील करणारे मतदान होत नाही. मंत्र्याला समोर बसून ऐकावे लागते आणि उत्तर द्यावे लागते, एवढेच या व्यवस्थेचे देणे आहे.

आता मूळ अडचण. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगारांची चणचण होती. 1948 च्या राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतील प्रजेला ‘युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचे नागरिक’ असा एकच दर्जा दिला आणि त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरील शेकडो प्रवाशांना घेऊन टिलबरी बंदराला लागले. पुढे या सर्वच पिढीला त्या जहाजाचे नाव चिकटले. हे लोक परदेशातून आलेले उपरे नव्हते. कायद्याच्या भाषेत ते देशातल्या देशात स्थलांतर करणारे नागरिक होते. 1962 आणि 1968 च्या कायद्यांनी ही दारे क्रमाक्रमाने बंद केली. 1968 चा कायदा तर अवघ्या तीन दिवसांत संमत करण्यात आला. त्याचा रोख केनियातून येऊ पाहणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाई कुटुंबांवर होता आणि त्या आशियाईंमध्ये गुजरात-पंजाबच्या लोकांबरोबर गोव्याहून पूर्व आफ्रिकेत गेलेली माणसेही होती. अखेर 1971 चा कायदा 1 जानेवारी 1973 रोजी अमलात आला. त्या दिवसापूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुल नागरिकांचा राहण्याचा हक्क त्याने अबाधित ठेवला.

मात्र हक्क अबाधित ठेवताना त्याचा कागद कोणालाही दिला गेला नाही. कोणाला हा हक्क आहे, याची सरकारने नोंदही ठेवली नाही. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती: आपण ब्रिटिश नागरिक आहोत किंवा आपल्याला अमुक सवलत लागू आहे, असा दावा करणाऱ्याने तो स्वतः सिद्ध करावा. चाळीस वर्षे या तरतुदीचा त्रास फारसा जाणवला नाही, कारण रोजच्या जगण्यात कोणी कागद मागतच नव्हते. आईच्या किंवा भावंडांच्या पासपोर्टवर आलेल्या मुलाला स्वतःचा पासपोर्ट काढण्याची गरज पडली नाही; शाळेने घेतले, मालकाने कामावर ठेवले, दवाखान्याने तपासले.

2012 मध्ये तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी बेकायदा स्थलांतरितांसाठी ‘प्रतिकूल वातावरण’ निर्माण करण्याचे धोरण जाहीर केले आणि 2014 व 2016 च्या कायद्यांनी त्याला हातपाय दिले. घरमालक, बँका, रुग्णालये आणि नोकरी देणारे अशा सर्वांवर कागद तपासण्याचे काम सोपवले गेले. चूक झाली तर घरमालकाला आणि मालकाला दंड होता. ज्याला दंडाची भीती आहे तो शंकेचा फायदा समोरच्याला देत नाही, आणि शंका कोणाविषयी आधी येते याचे उत्तर कातडीच्या रंगात असते. वंशभेदाचा एकही शब्द न लिहिता वंशभेद करणारा कायदा कसा तयार होतो, हे येथे स्पष्ट दिसते. त्यातच 2010 मध्ये गृहखात्याने जुन्या आगमन-नोंदींच्या चिठ्ठ्या नष्ट केल्या होत्या. जहाजातून उतरताना भरलेल्या या चिठ्ठ्या अनेकांच्या बाबतीत त्यांच्या येण्याच्या तारखेचा एकमेव सरकारी दाखला होत्या. दुसऱ्या बाजूला, गृहखात्यातील अधिकारी अर्जदाराकडे वास्तव्याच्या प्रत्येक वर्षासाठी अनेक कागद मागत होते, काही प्रकरणांत एका वर्षाला चार-चार. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीची पगाराची चिठ्ठी, भाड्याची पावती, शाळेचा दाखला कोणी जपून ठेवतो का?

व्हर्नन यांच्या याचिकेचा मजकूर थोडक्या ओळींचा होता, पण त्यात चार वेगवेगळ्या मागण्या होत्या. सर्व हद्दपाऱ्या थांबवाव्यात. पुराव्याच्या ओझ्याचा नियम बदलावा. 1948 ते 1971 या काळात अल्पवयीन असताना ब्रिटनमध्ये आलेल्या सर्वांना माफी द्यावी. आणि झालेल्या नुकसानीची व मनस्तापाची भरपाई द्यावी. शीर्षकात ‘माफी’ हा शब्द होता आणि तोच लोकांपर्यंत पोहोचला. सह्या करणाऱ्यांना तो चटकन समजला. परंतु संसदेतील चर्चेत अनेकांनी त्यावर बोट ठेवले, आणि ते योग्यच होते: माफी गुन्ह्याला असते आणि या लोकांनी कोणताही गुन्हा केला नव्हता, त्यांच्याकडे हक्क होता आणि तो सरकारने नाकारला होता. माझ्या मते या याचिकेतील सर्वांत दूरदृष्टीची मागणी शीर्षकात नव्हती, दुसऱ्या क्रमांकावर होती. पुरावा कोणी द्यायचा, हा प्रश्न सुटला असता तर माफीची गरजच उरली नसती, हद्दपारी आपोआप थांबली असती आणि भरपाईचे दावेही सुरळीत निकाली निघाले असते. पुढे घडलेले सर्व काही त्याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

एप्रिल 2018 च्या मध्यास घटना इतक्या भराभर घडल्या की त्यांचा क्रम लावून पाहणे आवश्यक आहे. त्या आठवड्यात राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद लंडनमध्येच भरत होती. बारा कॅरिबियन देशांच्या उच्चायुक्तांनी या विषयावर पंतप्रधानांची भेट मागितली होती आणि ती नाकारण्यात आली होती. ही बातमी फुटताच 16 एप्रिलला नकार मागे घेण्यात आला. त्याच दिवशी खासदार डेव्हिड लॅमी यांनी सभागृहात तातडीचा प्रश्न विचारला आणि हा दिवस राष्ट्रीय लाजेचा असल्याचे सुनावले. त्यांनी लिहिलेल्या पत्रावर 140 हून अधिक खासदारांच्या सह्या होत्या. गृहमंत्री अँबर रड यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि आपले खाते धोरणात गुंतून माणसाला विसरल्याची कबुली दिली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान मे यांनी कॅरिबियन नेत्यांची माफी मागितली. 23 एप्रिलला शुल्क आणि परीक्षा न लावता नागरिकत्व देण्याची व भरपाईची घोषणा झाली. 29 एप्रिलला रड यांनी राजीनामा दिला, कारण किती जणांना हद्दपार करायचे याची उद्दिष्टे ठरवलेली नाहीत असे त्यांनी संसदीय समितीला सांगितले होते आणि ती ठरवलेली असल्याचे उघड झाले होते. 30 एप्रिलला साजिद जाविद गृहमंत्री झाले. पाकिस्तानातून येऊन बसचालक म्हणून राबलेल्या स्थलांतरिताचा हा मुलगा पदभार घेतल्याच्या दिवशीच सभागृहात उभा राहिला आणि ‘प्रतिकूल’ हा शब्द आपल्याला मान्य नसल्याचे त्याने सांगितले. त्याच दुपारी शेजारच्या दालनात व्हर्नन यांच्या याचिकेवर चर्चा झाली. तोवर तिच्यावर पावणेदोन लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या.

म्हणजे चर्चा झाली तेव्हा निम्म्या मागण्या कागदावर मान्य झाल्या होत्या. मग याचिकेचे श्रेय किती? वृत्तपत्र, उच्चायुक्त, विरोधी खासदार आणि परिषदेच्या तारखा यांचा योग जुळला नसता तर केवळ सह्यांनी हे घडले नसते, हे मान्य केले पाहिजे. तरीही याचिकेने दोन गोष्टी केल्या. सुट्या सुट्या हकीकतींना एक नाव, एक कालमर्यादा आणि मागण्यांची एक यादी दिली. त्यामुळे सरकारला ‘काही दुर्दैवी प्रकरणे’ म्हणून ती एकेक करून मिटवता आली नाहीत. शिवाय प्रत्येक मतदारसंघातील सह्यांचा आकडा संकेतस्थळावर दिसत असल्यामुळे कॅरिबियन वस्ती नसलेल्या भागांतील खासदारांनाही आपले मतदार काय म्हणतात, हे पाहावे लागले.

याच काळातील अमली पदार्थविषयक दोन याचिकांशी तुलना केली की हे अधिक उलगडते. 2015 मध्ये गांजा कायदेशीर करावा, या याचिकेला दोन लाखांहून अधिक सह्या मिळाल्या होत्या, म्हणजे व्हर्नन यांच्यापेक्षाही जास्त. 12 ऑक्टोबर 2015 रोजी तिच्यावर त्याच दालनात चर्चा झाली, सरकारने नकार दिला आणि विषय तिथेच थांबला. याउलट मार्च 2018 मध्ये अपस्माराचे झटके येणाऱ्या एका लहान मुलाची आई गांजापासून बनवलेल्या औषधाला परवानगी मागणारी याचिका घेऊन पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेली. जूनमध्ये त्या मुलाला परवाना मिळाला आणि 1 नोव्हेंबर 2018 पासून तज्ज्ञ डॉक्टरांना अशी औषधे लिहून देण्याची मुभा देणारा नियम लागू झाला. तेव्हाही गृहमंत्री जाविदच होते. सह्यांची संख्या हे त्या यशाचे कारण नव्हते. एका ओळखीच्या चेहऱ्याच्या माणसाला सरकारच्याच नियमाने इजा होते आहे आणि ती थांबवायला मंत्र्याची एक सही पुरते, असे दाखवता आले, म्हणून दार उघडले. विंडरश प्रकरणातही नेमके हेच झाले. मात्र ज्या वाटेने दार उघडले तीच वाट पुढे अपुरी पडली, कारण ओळखीच्या चेहऱ्याबद्दल वाटणारी कणव नियमांच्या पुस्तकात शिरत नाही. औषधी गांजाच्या बाबतीतही नियम बदलल्यावर सरकारी आरोग्यसेवेतून ते औषध मिळणे बहुसंख्य कुटुंबांना दुरापास्तच राहिले.

कणव कुठे संपते, हे पहिल्या मागणीच्या, म्हणजे हद्दपारी थांबवण्याच्या बाबतीत उघड झाले. 2007 च्या कायद्यानुसार बारा महिने किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकाला हद्दपार करणे गृहखात्यावर बंधनकारक आहे. लहानपणी ब्रिटनमध्ये आलेला, तिथेच वाढलेला, पण नागरिकत्वाचे शुल्क भरणे न परवडल्यामुळे कागदोपत्री जमैकाचाच राहिलेला तरुण अमली पदार्थांच्या एका गुन्ह्यात तुरुंगात गेला, की शिक्षा भोगून झाल्यावरही त्याच्यासमोर विमान उभे असते. त्याच गुन्ह्यात पकडला गेलेला त्याचा वर्गमित्र घरी जातो. अमली पदार्थांच्या संशयावरून रस्त्यात थांबवून झडती घेतली जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये कित्येक पट अधिक आहे, हे सरकारच्या स्वतःच्या आकडेवारीतून वर्षानुवर्षे दिसते. त्यामुळे ही तफावत झडतीपासूनच सुरू होते. स्टीफन शॉ यांनी सरकारसाठी केलेल्या आणि जुलै 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात बालपणापासून ब्रिटनमध्ये वाढलेल्यांना नेहमीच्या रिवाजाने देशाबाहेर काढू नये, अशी शिफारस होती. ती स्वीकारली गेली नाही.

11 फेब्रुवारी 2020 रोजी जमैकाकडे खास विमान निघाले. आदल्या रात्री अपील न्यायालयाने त्यातील अनेकांची रवानगी थांबवली होती. कारण असे, की हीथ्रो विमानतळाजवळच्या स्थानबद्धता केंद्रांत एका मोबाइल कंपनीचा मनोरा बिघडल्यामुळे आतल्या लोकांचे फोन लागत नव्हते आणि वकिलाशी बोलता येत नव्हते. विमानातून 17 जण गेले. त्या वेळी सरकारची बाजू अशी होती की हे गुन्हेगार आहेत आणि विंडरश प्रकरणाशी त्यांचा संबंध नाही. तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते. पण आयुष्य जिथे गेले त्या जागेवर माणसाचा हक्क किती आणि तो कोणत्या कागदाने सिद्ध होतो, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे एकच होता, आणि याचिकेतील ‘सर्व हद्दपाऱ्या’ हे शब्द लिहिणाऱ्याने तो ओळखला होता असे मला वाटते.

कागदपत्रे देण्याची विंडरश योजना 30 मे 2018 पासून सुरू झाली आणि हजारो लोकांना त्यातून दाखले मिळाले. गृहखात्याच्या आकडेवारीत जमैका आणि बार्बाडोसबरोबर भारताचेही नाव आहे. मात्र चुकीने ताब्यात घेतलेल्यांचा किंवा देशाबाहेर काढलेल्यांचा शोध खात्याने घेतला तो केवळ कॅरिबियन देशांच्या लोकांपुरता. सुमारे 11,800 प्रकरणे तपासून त्यातील 164 जणांच्या बाबतीत चूक झाल्याचे मान्य केले गेले. भारतातून किंवा इतर राष्ट्रकुल देशांतून आलेल्यांच्या जुन्या फायली तशा उघडल्या गेल्या नाहीत आणि राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर 2018 च्या अहवालात यावर टीका केली.

भरपाईची योजना एप्रिल 2019 मध्ये आली आणि पुराव्याचे ओझे नव्या कपड्यांत परतले. नोकरी गेली हे सिद्ध करा, घर गेले हे सिद्ध करा, मालकाचे पत्र आणा. सुरुवातीला काही नुकसानींसाठी तर फौजदारी खटल्यात लागतो तसा, शंकेला जागा न ठेवणारा पुरावा अपेक्षित होता. पुढे ती अट काढावी लागली. जीवनावर झालेल्या परिणामासाठी दिली जाणारी किमान रक्कम 250 पौंड होती आणि ती डिसेंबर 2020 मध्ये 10,000 पौंड करण्यात आली, यावरून पहिल्या दीड वर्षातील कारभाराची कल्पना यावी. गृहखात्याने सुरुवातीला सुमारे 15,000 पात्र व्यक्ती गृहीत धरल्या होत्या. संसदेच्या गृहविषयक समितीने नोव्हेंबर 2021 मध्ये सांगितले की त्यांतील जेमतेम पाचव्या हिश्शाने अर्ज केले, सहा टक्क्यांहून कमी लोकांना काही रक्कम मिळाली आणि 23 जण पैसे हाती येण्यापूर्वीच वारले. ज्या खात्याने इजा केली त्याच खात्याच्या दारात भरपाईसाठी उभे राहावे लागते, म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत, असे सांगून योजना स्वतंत्र संस्थेकडे सोपवावी, अशी शिफारस समितीने केली. गृहखात्याने योजना स्वतःकडेच ठेवली.

मार्च 2020 मध्ये वेंडी विल्यम्स यांनी सरकारसाठी केलेला विंडरश प्रकरणाचा चौकशी अहवाल आला. वंशाच्या प्रश्नाबाबत खात्यात संस्थात्मक अज्ञान आणि बेफिकिरी होती आणि संस्थात्मक वंशभेदाच्या व्याख्येतील काही घटकांशी ती जुळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिफारशी 30 होत्या. गृहखात्यानेच लिहवून घेतलेला या प्रकरणाचा इतिहास त्याहून स्पष्ट होता. 1950 ते 1981 या काळातील प्रत्येक स्थलांतर व नागरिकत्व कायद्याचा निदान एक हेतू काळ्या आणि सावळ्या लोकांची संख्या कमी करणे हा होता, असे त्यात म्हटले आहे. हा मजकूर सरकारने दडवून ठेवला आणि कायदेशीर लढ्यानंतर सप्टेंबर 2024 मध्येच तो बाहेर आला.

विल्यम्स यांच्या शिफारशी अमलात आणाव्यात, यासाठी दुसरी याचिका काढावी लागली. 19 जून 2020 रोजी पॅट्रिक व्हर्नन आणि पॉलेट विल्सन यांच्यासह काही पीडित 1,30,000 हून अधिक सह्यांची ही याचिका घेऊन पंतप्रधानांच्या दारात गेले. संसदेच्या भटारखान्यात राबलेल्या त्या बाई आता अर्जदार म्हणून तिथून हाकेच्या अंतरावर उभ्या होत्या. पाच आठवड्यांच्या आत, जुलै महिन्यात, त्यांचे निधन झाले.

जानेवारी 2023 मध्ये गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी 30 पैकी तीन शिफारशी सोडून दिल्या. स्थलांतरितांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमणे ही त्यांतील एक होती. जून 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ती आणि स्थलांतर निरीक्षकाचे अधिकार वाढवण्याची शिफारस सोडणे बेकायदेशीर ठरवले. तो खटला एका पीडितानेच लढवला होता. जून 2025 मध्ये नव्या सरकारने रेव्हरंड क्लाइव्ह फॉस्टर यांना विंडरश आयुक्त नेमले. शिफारस सर्व स्थलांतरितांसाठी आयुक्त नेमण्याची होती, आणि कागद कोणी दाखवायचा हे ठरवणारे 1971 च्या कायद्यातील कलम अजून जागच्या जागी आहे.